पिंजरा नंबर तीन आणि चार

यंत्राच्या छोट्या पडद्यावर १४२ हा आकडा उमटला आणि ओमेश्वरी पटलेनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"मावशी, अजून एकदा घेऊ. सोडू नका त्याला."

शामकलानं त्याला सोडलं नव्हतंच. आरपार दिसणाऱ्या नळकांड्यात पांढरा उंदीर बसला होता आणि वरच्या फटीतून तिची दोन बोटं त्याच्या पाठीवर टेकलेली होती. शेपटीच्या मुळाशी गुंडाळलेली रबरी पट्टी फुगली, हळूहळू सैल झाली. दवाखान्यात माणसाच्या दंडाला बांधतात तसलीच ती पट्टी, फक्त अंगठीएवढी. पुन्हा आकडा आला. १४०.

"उतरलं व माय," ओमेश्वरी स्वतःशीच म्हणाली. कॉलेजात ती नीटनेटकं पुस्तकी मराठी बोलायची, पण आनंद झाला की तिच्या तोंडून गोंदियाजवळच्या गोरेगावची तिची बोली बाहेर पडायची.

"किती होता पयले?" शामकलानं विचारलं.

"एकशे सत्तर. दोन आठवड्यांत तीस उतरला. सहाही उंदरांचा उतरलाय."

शामकलानं उंदराला नळकांड्यातून काढलं आणि चार नंबरच्या पिंजऱ्यात ठेवलं. तो भाताच्या तुसात शिरून बसला.

ही २०११ च्या ऑगस्टमधली गोष्ट. गोंदियाबाहेरच्या त्या फार्मसी कॉलेजात शामकला मेश्राम अकरा वर्षांपासून होती. तिच्या करारावर 'परिचर' असं लिहिलेलं असायचं आणि तो करार दर सहा महिन्यांनी नवा व्हायचा. प्राणीघर झाडायचं, उंदरांना दाणापाणी द्यायचं, राईस मिलमधून तुसाची पोती आणून वाळवायची, आठवड्यातून एकदा पिंजरे धुवायचे, हे तिचं काम. शिक्षण सातवीपर्यंत. पण तिच्या हातात उंदीर शांत बसतो, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. घाबरलेल्या उंदराचा रक्तदाब मोजून उपयोग नसतो. भीतीनंच तो वीस-पंचवीसनं चढतो. म्हणून ज्याचं ज्याचं काम रक्तदाबाशी असे, तो शनिवारी सकाळी शामकलाला शोधत यायचा.

ओमेश्वरीचं काम तिला चांगलं समजलं होतं, कारण ओमेश्वरीनं ते समजावून सांगितलं होतं. धान भरडल्यावर जो कोंडा निघतो त्यात प्रथिन असतं. ते ठरावीक जागी तोडलं की त्याचे बारीक तुकडे होतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातला एक तुकडा रक्तदाब उतरवतो.

"मंग कोंडाच खावा ना सिधा," शामकला तेव्हा म्हणाली होती.

"पोटात गेला की पचून जातो, मावशी. वरणासारखा. रक्तापर्यंत पोचतच नाही. म्हणून असली औषधं सुईनं द्यावी लागतात. आता सांगा, बीपीचा माणूस जन्मभर रोज सुई टोचून घेईल का?"

"माह्या घरचा तं गोळी घ्यालेच कुरकुर करते."

"म्हणून आम्ही त्याला एका कणात भरतो. इतका बारीक कण, की केसाच्या जाडीत पाचशे बसतील. कणाचं आवरण खेकड्याच्या कवचापासून बनवतात. ते पोटातल्या आम्लातून औषध सांभाळून नेतं आणि आतड्याला चिकटून हळूहळू सोडतं."

धान आणि खेकडा, दोन्ही बांधीतलेच, धानाच्या पाणथळ शेतातलेच, हे ऐकून शामकला बराच वेळ हसत होती.

उंदरांचे चार पिंजरे होते आणि प्रत्येकात सहा उंदीर. पाण्यातून एक रसायन देऊन सगळ्यांचा रक्तदाब आधी वाढवलेला. एक नंबरला औषधच नाही. दोन नंबरला बाजारात मिळणारी नेहमीची गोळी. तीन नंबरला नुसतं पेप्टाइड. चार नंबरला तेच पेप्टाइड, पण कणात भरलेलं. औषध रोज सकाळी बारीक नळीनं तोंडातून जायचं. पिंजऱ्याच्या दाराला अडकवलेलं कार्ड पाहून ओमेश्वरी औषध भरायची आणि शामकला उंदीर धरायची. दोन शनिवार झाले तेव्हा तीन नंबर जिथल्या तिथे होता आणि चार नंबर उतरला होता. सहा आठवडे हे असंच टिकलं की ओमेश्वरीचं पीएच.डी.चं मोठं काम पार पडणार होतं.

त्यानंतरचा सोमवार पिंजरे धुण्याचा होता.

शामकलानं तीन आणि चार नंबरचे उंदीर दोन स्वच्छ पिंजऱ्यांत हलवले. जुन्या पिंजऱ्यांची कार्डं काढून एप्रनच्या खिशात टाकली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. फोन मिलमधून होता. तिचा नवरा देवाजी तिथे पोतं उचलता उचलता पडला होता आणि त्याचं तोंड वाकडं झालं होतं. त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन राहिले आहेत, असं कोणीतरी सांगत होतं.

तिनं खिशातली कार्डं दोन्ही पिंजऱ्यांना अडकवली, एप्रन खुंटीला टांगला आणि चपला हातात घेऊनच ती फाटकापर्यंत धावली.

देवाजी मेश्राम बावन्न वर्षांचा होता. तीस वर्षं त्यानं पाठीवरून पोती वाहिली होती. तीन वर्षांपूर्वी नागऱ्यात, त्यांच्याच गावात, तपासणीचं शिबिर झालं तेव्हा त्याचा रक्तदाब जास्त निघाला. रोज एक गोळी घ्यायला सांगितलं होतं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून शामकलाच आणायची. "गोळी खाल्ली काय?" असं ती कामावर निघताना विचारायची आणि "खातो ना," असं तो म्हणायचा.

पंधरा दिवस ती दवाखान्यात होती. देवाजीचा जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना, पण टेकू लागला. उजव्या हातात मात्र काही धरता येईना. बोलणं जड झालं, तरी समजायचं. लेक अल्का सासरहून आली आणि महिनाभर राहते म्हणाली. मग शामकला कामावर परतली. मिलमध्ये आता देवाजीचा उपयोग नव्हता. घरात येणारा पगार आता तिचा एकटीचाच होता.

कॉलेजात आली तेव्हा प्राणीघराचं दार उघडं होतं आणि ओमेश्वरी स्टुलावर बसून होती. समोर वही होती, पण ती वहीकडे बघत नव्हती.

"कसे आहेत काका?" तिनं विचारलं.

"आहेत. उठून बसून राहिले आता. तुमचं काय झालं, मॅडम?"

"बंद पडल्यासारखंच आहे, मावशी." ओमेश्वरीनं वही मिटली. "तुम्ही गेल्यापासून दोन शनिवार झाले. चार नंबरचा दाब चढला. पुन्हा एकशे पासष्ट. आणि तीन नंबर, ज्यानं उतरायला नको तो, उतरून बसलाय. सर म्हणतात, पहिले दोन आठवडे योगायोग होता. नाहीतर माझे कण टिकत नाहीत. मोजताना तुम्ही नव्हता, मी आणि चुन्नीलालनं धरले उंदीर, म्हणून आकड्यांवरही भरवसा नाही. विषय बदला म्हणाले."

"विषय बदला म्हणजे?"

"दोन वर्षं पाण्यात."

ती उठून गेली. शामकलानं झाडू घेतला. एक नंबर, दोन नंबर करत ती पिंजऱ्यांवरून नजर फिरवत गेली आणि चार नंबरशी थांबली.

तुसातून एक उंदीर जाळीशी आला होता. त्याच्या डाव्या कानाला खाच होती. लहानपणी दुसऱ्या उंदरानं चावा घेतला होता, तेव्हापासूनची. ती त्याला मनातल्या मनात कानफाट्या म्हणायची. पाठीवर, डोक्यावर, शेपटीवर पिवळ्या रंगाचे ठिपके असायचे ते फक्त सहांतला कोणता हे ओळखायला. ते प्रत्येक पिंजऱ्यात सारखेच. कानफाट्याला मात्र तिला ठिपक्यावरून ओळखावं लागत नव्हतं. तो तीन नंबरचा होता. गेले दोन महिने तो तीन नंबरचाच होता.

तिनं वाकून पुन्हा पाहिलं. मग तीन नंबरमध्ये पाहिलं. तिथे तो लांब अंगाचा, झोपताना शेपूट तोंडाशी घेणारा बसला होता. तो चार नंबरचा.

चुन्नीलाल वॉचमन फाटकाशी तंबाखू मळत बसला होता. ती नसताना प्राणीघराकडे त्यानंच पाहिलं होतं.

"भाऊ, तू पिंजरे बदलवले काय?"

"नहीं बाई. मैं काहे को बदलूं? एक एक पिंजरा खोला, भुसा बदला, पानी डाला, बंद किया. मैडम के कहने पे पकड़ा बस, नहीं तो उनको हाथ लगाने से ही डर लगता है मेरे को." त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "क्या हुआ?"

शामकलाला एप्रनचा खिसा आठवला होता. दोन कार्डं, एका हातात फोन, आणि कार्डं अडकवताना आपण त्यांवरचे आकडे पाहिलेच नव्हते, हेही आठवलं.

दुपारी तिनं चुन्नीलालला सगळं सांगितलं. कोणालातरी सांगितल्याशिवाय तिला जेवण जाईना.

"बोलो मत, बाई," तो हळूच म्हणाला. "देखो, काम तो वैसे भी बंद हो रहा है. किसको पता चलेगा? महिने के आखिर में तुम्हारा करार है. ऑफिसवाले तो ठेकेदार के आदमी रखने की सोच ही रहे हैं. और घर में देवाजीभाऊ बैठा है."

तो चूक काहीच बोलत नव्हता. परत जाताना ऑटोत नऊ जणांमध्ये दाटून बसलेली शामकला हेच स्वतःला सांगत राहिली. काम बंद होतंच आहे. आपण बोललो तरी गेलेले दिवस येणार नाहीत. पण मग ओमेश्वरी स्टुलावर बसली होती तशी तिच्या डोळ्यांपुढे यायची. पोरीला वाटत होतं की तिचं औषधच खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं देवाजीच्या डाव्या तळव्यावर गोळी ठेवली आणि पाण्याचा गिलास धरला. अल्का बाहेर भांडी घासत होती. देवाजीनं गोळी गिळली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी खाल्ल्याच नाई ह्या."

"कोन्त्या?"

"वर्षभराच्या. तू पुसे, खाल्ली काय, मी म्हणो खाल्ली. खिशात टाको आन मिलच्या नालीत फेको." शब्द त्याच्या तोंडातून एकेक करून, ओढल्यासारखे येत होते. "बरं वाटे मले. बरं वाटून राहिलं असतानी गोळी खाल्ली का बिमार असल्यावानी वाटे. हमालाले कायची बीपी, असं मिलमंधी हासत."

शामकलानं गिलास खाली ठेवला. तिला राग आला होता.

"मले सांगाचं तरी," ती म्हणाली.

"सांगतलं असतं तं तू भांडली असती," देवाजी म्हणाला. "दोन दिवस बोलली नसती. बस, इतलंच झालं असतं."

त्यानं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

त्या सकाळी शामकला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कॉलेजात पोचली. ओमेश्वरी आली ती पिशवी घेऊनच. प्रयोगशाळेतलं सामान आवरायचं होतं तिला.

"मॅडम, एक सांगाचं आहे. बसा पयले."

"काय झालं?"

"तीन नंबर आन चार नंबरचे कार्डं मी उलटे लावले. ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी. तवापासून चारवाले तीनचं औषध खाऊन राहिले, आन तीनवाले चारचं. चुन्नीलालनं नाई केलं. मीच केलं."

ओमेश्वरी उभीच होती. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"तुम्हाला समजतंय का मावशी, तुम्ही काय म्हणताय? मी काल सरांपुढे रडले. दोन रात्री झोपले नाही. मला वाटलं, मीच..." तिनं हातातली पिशवी टेबलावर टाकली. "आणि तुम्ही हे आज सांगताय?"

"मले काल समजलं. कालच सांगाले पाह्यजे होतं. भ्याली मी."

ओमेश्वरी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर कोणीतरी मोटारसायकल लावली, कोणीतरी कोणाला हाक मारली. शामकला वाट पाहत राहिली. तिला वाटलं, आता ही ऑफिसात जाईल. गेली तर आपण तिच्यामागे जायचं आणि तिथेही हेच सांगायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.

ओमेश्वरी वळली ती टेबलाकडे. तिनं वही उघडली. दोन पानं मागे गेली, पुढे आली. मग पेन्सिल घेतली आणि चौकटीच्या कागदावर एकेका आठवड्याचे ठिपके मांडायला लागली. तीनचे आकडे चारच्या पुढे, चारचे तीनच्या पुढे. ठिपके जोडताना तिचा हात मंद झाला.

"मावशी, इकडे या."

कागदावर दोन रेघा होत्या. एक उतरत गेलेली आणि मग चढलेली. दुसरी आधी सरळ आणि मग उतरलेली.

"ही पाहा. हे चार नंबरचे खरे उंदीर. कण मिळत होते तोवर दाब उतरला. तुम्ही कार्ड बदललं, कण बंद झाले, दाब चढला. आणि हे तीनचे. नुसत्या पेप्टाइडनं काहीच झालं नाही, आणि कण मिळायला लागले त्याच आठवड्यात उतरायला लागला." तिनं पेन्सिल ठेवली. "जिकडे कण गेले, तिकडे दाब उतरला. दोन्हीकडे."

"म्हणजे औषध लागू पडून राहिलं?"

"पडतंय, मावशी." आणि आता ती रडायला लागली.

ओमेश्वरीच्या मार्गदर्शकांना, लिल्हारे सरांना, हे सांगायला दोघी मिळून गेल्या. सर कडक माणूस. त्यांनी कागद पाहिला, वही पाहिली, आणि कानफाट्याची ओळख पटवून देण्यासाठी शामकला त्यांना प्राणीघरात घेऊन गेली तेव्हा वाकून तो कानही पाहिला. परत येऊन खुर्चीत बसले.

"हे आकडे प्रबंधात निकाल म्हणून जाणार नाहीत," ते ओमेश्वरीला म्हणाले. "अपघातानं झालेली अदलाबदल आहे. प्रयोग पहिल्यापासून करायचा. नवे उंदीर, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची नवी परवानगी. तुमचे चार-पाच महिने जातील. पण विषय बदलायचं कारण आता राहिलेलं नाही." मग ते शामकलाकडे वळले. "शामकलाबाई, तुम्ही हे सांगितलं नसतं तर मी हा प्रयोग बंद केला असता. तुम्ही चूक केली तीही मोठी आहे. दोन्ही गोष्टी कागदावर यायला हव्यात. लिहून द्याल?"

"मले इंग्रजी नाई येत, सर."

"मराठीत लिहा."

तिनं तिथेच बसून लिहिलं. चार ओळी लिहायला तिला अर्धा तास लागला. तारीख, वार, पिंजऱ्यांचे नंबर, आणि खाली सही.

ऑफिसात व्हायचं ते झालं. सहाऐवजी तीनच महिन्यांचा करार मिळाला आणि 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. सरांनी त्याखाली आपल्या अक्षरात काहीतरी इंग्रजीत लिहिलं. काय लिहिलं ते शामकलानं विचारलं नाही. ठेकेदाराची माणसं मात्र प्राणीघरात आली नाहीत, आणि तीन महिने संपल्यावर तिचा करार पुन्हा झाला.

प्रयोग पुन्हा सुरू झाला तो डिसेंबरमध्ये. या वेळी प्रत्येक उंदराच्या अंगावर त्याच्या गटाचा वेगळा रंग होता. ही सूचना शामकलाचीच. पण गोंदियाची थंडी मध्ये आली. थंडीत उंदराच्या शेपटीतलं रक्त आखडतं आणि यंत्राला ठोकेच सापडत नाहीत. शेपटी उबदार ठेवायला विजेचं पेटीसारखं एक उपकरण होतं, पण शनिवारी सकाळी नेमकं भारनियमन. पहिल्या शनिवारी तीन तासांत दोनच उंदीर मोजून झाले. यंत्र बॅटरीवर चालत होतं, पण पडद्यावर नुसती शून्यं.

पुढच्या शनिवारी शामकला येताना मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवून घेऊन आली. आत कोंडा भरलेला.

"हे काय?"

"देवाजीचा हात शेकाले शिवली होती, तशीच. तव्यावर गरम केली का घंटाभर गरम राहते. नळकांड्याखाली ठेवून पाहू."

पिशवी तव्यावर तापवून झाल्यावर ओमेश्वरीनं तिच्यावर थर्मामीटर ठेवला. खूपच गरम होती. थोडा वेळ थांबून पुन्हा ठेवला, मग एक पातळ फडकं मध्ये घातलं, आकडा लिहून घेतला आणि मान हलवली. पहिला उंदीर नळकांड्यात गेला. शामकलाची दोन बोटं त्याच्या पाठीवर टेकली. पाच मिनिटांनी पडद्यावर ठोक्यांची रेघ नाचायला लागली. त्या सकाळी चोवीस उंदीर मोजून झाले.

सहा शनिवार असे गेले. नुसतं पेप्टाइड मिळणाऱ्यांचा दाब जवळजवळ हललाच नाही. कण मिळणाऱ्यांचा दर आठवड्याला थोडा थोडा उतरत गेला आणि एकशे चव्वेचाळीसवर थांबला. बाजारातल्या गोळीनं त्याहून जास्त उतरला होता. ओमेश्वरीनं तेही तसंच लिहिलं.

"म्हणजे गोळीच बरी?" शामकलानं विचारलं.

"आज तरी. पण कणांचा असर दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला, मावशी. गोळीचा संध्याकाळीच ओसरला. पुढे कोणीतरी यावरून काही करेल."

"माणसाले कवा भेटन हे?"

"दहा वर्षं, पंधरा वर्षं. कदाचित कधीच नाही. पण पोटातून जाऊ शकतं, एवढं आता आपल्याला माहीत झालंय."

शामकलानं हे घरी देवाजीला सांगितलं. तो आता काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "तंवर मी आहे तीच खातो." आणि गोळी मागून घेतली.

जानेवारीचा शेवटचा दिवस उजाडला. प्रयोग संपला की उंदरांना झोपेचं औषध देऊन मारावं लागतं आणि हृदय, रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. ते कागदपत्रांत आधीच लिहिलेलं असतं. शामकलाच्या अकरा वर्षांत हे कितीतरी वेळा झालं होतं, पण अशा दिवशी ती सहसा आतल्या खोलीत थांबायची नाही.

"तुम्ही घरी जा मावशी," ओमेश्वरी म्हणाली. "चुन्नीलाल आणून देईल एकेक."

"नाई. त्याच्या हाताले भेतात ते. भेलेला कायले न्याचा?"

ती थांबली. एकेक उंदीर तिनं हातावर घेतला, दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यावर धरला आणि आतल्या खोलीत नेला. चालताना घाई केली नाही. कोणी धडपडला नाही, कोणी ओरडला नाही. ओमेश्वरी सुई भरायची, शामकला धरायची, आणि अंग सैल झालं की ती उंदराला टेबलावर ठेवून पुढच्याला आणायला जायची. चोवीस वेळा. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या.

दुपार कलली तेव्हा ती बाहेर आली आणि नळाखाली हात धुवायला लागली. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. पलीकडच्या मिलमधून धान भरडल्याचा एकसुरी आवाज येत होता.

"बाई," चुन्नीलालनं फाटकातून हाक दिली. "देखो, कौन आया है."

फाटकातून देवाजी आत येत होता. एकटाच. नागऱ्याहून ऑटोनं आला असावा आणि रस्त्यापासूनचं अंतर पायी तोडलं असावं. काठी डाव्या हातात होती. उजवा पाय जमिनीवर रेघ ओढत होता. आणि उजव्या हाताच्या चार बोटांना कडीनं अडकवलेला जेवणाचा डबा होता. डबा हलत होता, त्याच्या गुडघ्याला लागत होता, पण पडत नव्हता.

"डबा इसरली तू," तो लांबूनच म्हणाला.

शामकलानं ओले हात पदराला पुसले. तिथून प्राणीघराची पायरी दहा-बारा पावलांवर होती. डबा घ्यायला तिनं हात पुढे केला नाही. ती पायरीवर जाऊन बसली, शेजारची जागा हातानं झाडली, आणि त्याला येऊ दिलं.